चुना उडालाच नाही

सातवीण फुलली की मला कोणावर तरी संशय येऊ लागतो. दिल्लीत ऑक्टोबर काढलेल्या माणसाला हा वास समजावून सांगायला नको. दसरा होऊन गेलेला असतो, पंखे अजून चालू असतात, पण पहाटे पायाशी चादर शोधावी लागते. आणि संध्याकाळी आमच्या द्वारकेच्या रस्त्यावर वळलं की तो गोड, जड वास एकदम अंगावर येतो. लोक त्याचं फार कौतुक करतात. मला मात्र इतक्या गोड वासामागे काहीतरी लपवलंय असंच वाटतं. विनाकारण गोड बोलणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहते, तशीच या झाडापासूनही राहते.

हा स्वभाव मी जन्मतः घेऊन आले नव्हते. तो मला एका ऑक्टोबरात लागला, आणि तोही गवतावर.

आम्ही तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत राहत होतो. बाबा पुण्याहून डेप्युटेशनवर आलेले, म्हणजे सरकारने उसने घेतलेले. सुरुवातीचे काही आठवडे कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये काढले, मग हे क्वार्टर मिळालं. पिवळ्या भिंती, मागे पेरूचं झाड, आणि रस्ता ओलांडला की अधिकाऱ्यांचा क्लब. क्लब म्हणजे पत्त्यांची एक खोली, कायम बंद असलेलं एक बिलियर्डचं टेबल, आणि त्यामागे लॉन टेनिसचं कोर्ट. खरंखुरं गवताचं. दरवर्षी सातवीण फुलली की तिथे टूर्नामेंट व्हायची. तिला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते फक्त कपावर कोरलेलं असायचं. मेरठ, रोहतक, फरिदाबाद, गाझियाबाद, कुठून कुठून माणसं पांढरे कपडे घालून खेळायला येत आणि सगळे तिला नुसतं टूर्नामेंट म्हणत.

ती कोणी सुरू केली? एक म्हणे इंग्रज साहेबाने, दुसरा म्हणे त्या साहेबाला हरवणाऱ्या बंगाली बाबूने, तिसरा म्हणे कोणी सुरू केली नाही, रोलर पडून होता म्हणून सुरू झाली. आणि बंद कशी पडली याबद्दल तर माणशी एक गोष्ट आहे. तिचा इतिहास कोणी लिहायला बसलं तर पुरावे थोडे आणि संशय भरपूर हाती लागतील.

मला आठवतं ते असं. सकाळचं दव वाळेपर्यंत खेळ सुरू व्हायचा नाही. तोवर खुर्च्यांवर बसून सगळे स्वेटर घालू की नको याचा विचार करत. बादलीत कालवलेल्या चुन्याचा थंड, ओला वास यायचा. चेंडूंचा नवा डबा उघडला की फुस्स आवाज व्हायचा आणि आम्ही मुलं तो ऐकायला धावायचो. शामियान्यात चहा, काकडीची सँडविचेस. आणि मधोमध अंपायरची उंच हिरवी खुर्ची. तिच्यावर बसायचे माझे बाबा.

बाबा खेळायचे यथातथाच. पण खुर्चीत बसल्यावर त्यांच्यासारखा कोणी नाही, असं सगळेच म्हणायचे. त्या टूर्नामेंटची एक रीत होती. कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरत नसे, ज्येष्ठतेने ठरत असे. ऑफिसात ज्याची खुर्ची मोठी, त्याच्या वाट्याला पहिल्या फेरीत दुबळा गडी. शिवाय हाताखालच्या लोकांना हरण्याची एक कला अवगत असायची. चांगला चाललेला गेम ऐन वेळी जाळ्यात घालायचा आणि तोंडावर खरंखुरं दुःख आणायचं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सगळं ठाऊक असे. बाबांना याची चीड होती. एकदा तर त्यांनी खुद्द माथुर साहेबांना, म्हणजे त्यांच्या थेट वरच्या साहेबांना, सर्व्हिस करताना पाय रेषेवर पडला म्हणून भर कोर्टात टोकलं होतं. शामियान्यात चमचे वाजायचे थांबले. माथुर साहेब हसून म्हणाले, "खांबेटे जी की नज़र से कुछ नहीं बचता." ते वाक्य पुढे वसाहतभर झालं. बाबांना ते पदकासारखं वाटायचं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आई मात्र खेळायची. पुण्यात असताना ती कॉलेजकडून खेळलेली. इथे सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून, लाकडी रॅकेट घेऊन ती कोर्टवर उतरली की बाकीच्या बायका खुर्च्या पुढे ओढायच्या. घरात ती जरा वाकून चालायची, कोर्टवर मुळीच नाही.

त्या शेवटच्या वर्षी सगळंच बदलायच्या घाईत होतं. समोरच्या गच्चीवर केबलची छत्री आली होती. ज्यांच्याकडे स्कूटर होती त्यांनी गाडीसाठी नाव नोंदवलं होतं. एका शीतपेयाच्या कंपनीने टूर्नामेंटला फलक आणि फुकट बाटल्या दिल्या होत्या. आम्ही मुलं खूश. बाबा मात्र म्हणाले, "फुकट कोण देतं? कुठेतरी पाणी मुरतंय." क्लबच्या सेक्रेटरींचं म्हणणं, गवत आता कोण सांभाळतो, जग सिमेंटवर खेळायला लागलंय. अंतिम फेरीच्या दिवशी कुठलासा क्रिकेटचा सामना केबलवर होता, त्यामुळे शामियाना निम्मा रिकामा आणि रेषांवर लक्ष ठेवायला माणूस मिळेना. बायकांच्या अंतिम सामन्याला सगळा भार अंपायरवर.

आणि अंतिम सामना आई आणि मिसेस माथुर यांचा.

बाबा आधी नाहीच म्हणाले. बायकोच्या सामन्याला नवरा अंपायर, हे बरं दिसत नाही. पण मिसेस माथुर स्वतः खुर्चीपाशी आल्या. उंच, गोऱ्या, हातात भावाने परदेशातून पाठवलेली काळी चकचकीत रॅकेट. म्हणाल्या, "आप ही बैठिए, भाई साहब. आप बैठेंगे तो किसी को शक नहीं होगा." मी आईसाठी लिंबूपाणी धरून जवळच उभी होते. शक हा शब्द तोवर कोणाच्याच मनात नव्हता. त्यांनीच तो आणून ठेवला.

त्याच दिवसांत बाबांची मुदत संपत आली होती. दिल्लीत राहणं वाढणार की पुण्याला परत जायचं, हे माथुर साहेबांच्या शिफारशीवर होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे, पण दारावर पोस्टमन आला की आईचा हात पिठातच थांबायचा.

सामना लांबला. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आईच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं आठवतं आणि दोन रॅकेटींचे दोन वेगळे आवाज. शेवटच्या सेटमध्ये आई पुढे गेली. एक पॉइंट हवा होता. तिने धावत जाऊन एक फटका मारला, लांब, सरळ, रेषेला धरून. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात, फाटकाजवळ पडला. मिसेस माथुर पोचल्याच नाहीत. आईने रॅकेट खाली घेतली. ती हसायला लागली होती.

वरून बाबा म्हणाले, "आउट."

आई जाळ्यापाशी गेली. मराठीत, हळूच म्हणाली, "अहो, रेषेवर होता." बाबांनी समोर बघत पुन्हा तोच शब्द उच्चारला. तेवढ्यात मिसेस माथुर चेंडू उचलायला गेल्या त्या नेमक्या त्या जागेवरून, पांढरे बूट जरासे ओढत. मुद्दाम की सहज, देव जाणे. आई सर्व्हिस करायला परतली आणि तिचा एकही चेंडू जाळ्यापलीकडे गेला नाही. थोड्याच वेळात कप माथुरांच्या गाडीत जाऊन बसला.

घरी आल्यावर बाबा एकच वाक्य बोलले. "तिथे चुना उडाला नाही."

गवताच्या कोर्टवर हीच एक खात्रीची खूण असते. चेंडू रेषेला लागला की चुन्याची पांढरी भुकटी उडते. उडाली तर आत. आई म्हणाली, "उडेल कसा? तिथे गवत होतं कुठे?" आणि हे बोलता बोलताच ती थबकली. कारण तिथे गवत का नव्हतं, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

दिल्लीवाले ज्याला दूब म्हणतात, लॉन म्हणून लावतात, ती म्हणजे आपली दूर्वा. वसाहतीतल्या मोकळ्या मैदानांवर कुत्री, गाई, स्कूटरचं तेल, सगळंच. टेनिस कोर्टला मात्र जाळीचं कुंपण. म्हणजे स्वच्छ, सोवळ्यातल्या दूर्वा. गणपतीच्या दिवसांत आमच्या मराठी बायका फाटकाशी चपला काढायच्या आणि आत शिरल्या शिरल्या जो कोपरा लागेल तिथेच बसायच्या. पुढे जायचा संकोच वाटायचा ना! एकवीस-एकवीसच्या जुड्या, पहिल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत, आणि इतर वसाहतींतल्या मैत्रिणींसाठीही. माळी ओरडायचा, "मैडम, जड़ से मत खींचिए!" आई त्याला प्रसादाचा मोदक द्यायची. त्या वर्षी गणपती उशिरा आले आणि पाऊस लवकर गेला. कोपरा टकला झाला तो झालाच. माळ्याने त्या उघड्या मातीवरच चुन्याची रेषा ओढली आणि वरून रोलर फिरवला. मातीने चुना पिऊन टाकला. अशा रेषेवर चेंडू पडला काय आणि बाहेर पडला काय, उडणार ती धूळच.

म्हणजे बाबांचं खरं होतं, चुना उडाला नाही. आणि आईचंही खरं असू शकत होतं. पण दोघांपैकी कोणालाही असू शकत होतं एवढ्यावर थांबता येईना. दिवाळीच्या तोंडावर बाबांची मुदत वाढल्याचा हुकूम आला. बाबा मिठाईचा पुडा घेऊन आले. आईने तो टेबलावर ठेवला, तसाच. त्याला मुंग्या लागेपर्यंत तो तिथेच होता. तिने एकदाच विचारलं, "एका चेंडूत काम झालं म्हणायचं?" बाबांनी चष्मा पुसला आणि ते पेरूच्या झाडाला पाणी घालायला गेले.

त्यानंतर आई कधी खेळली नाही. पुढच्या वर्षी कोर्ट दुरुस्तीसाठी बंद असल्याची पाटी लागली. मग तिथे तात्पुरत्या म्हणून काही गाड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे तात्पुरतं असं काही नसतंच. गाड्या वाढल्या, रोलर कुंपणाशी गंजला, मग शेड आली, मग लग्नाचा हॉल. कोणी म्हणालं, शीतपेयाच्या कंपनीचा डाव होता. कोणी म्हणालं, सेक्रेटरींना गाडी लावायला सावली हवी होती. माळी शेवटपर्यंत म्हणत राहिला की मराठी बायकांनी गवत खाल्लं. मला प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं.

रॅकेट मात्र घरात राहिली. दिल्लीत ऑक्टोबर संपता संपता रजया बाहेर निघतात. डांबरगोळ्यांचा वास घालवायला त्या उन्हात टाकायच्या आणि बडवायच्या. आमच्या घरी त्या टेनिसच्या रॅकेटने बडवल्या जायच्या. आई मागच्या अंगणात उभी राहून असा फोरहँड हाणायची की शेजारच्या शर्मा आंटी भिंतीवरून बघायच्या. "भाभी, किस पे गुस्सा निकाल रही हो?" आई म्हणायची, "रजाई पे." आत बाबा पेपर वाचत बसलेले असत आणि प्रत्येक फटक्याला पेपर किंचित हलायचा.

घरात मग एक नवी म्हणच रुळली. वरणाला मीठ कमी आहे का, मी, म्हणजे मीनूने, सायन्स घ्यावं का, कशावरही वाद झाला की आई हात जोडून म्हणायची, "अंपायर म्हणतील ते." चेष्टेच्या सुरात, पण ऐकणाऱ्याला ते टोचावं अशा. मी त्या दोघांच्या मध्ये वाढले. चेंडू आत पडला असेल तर माझं दिल्लीतलं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं एका खोट्या शब्दावर उभं होतं. बाहेर पडला असेल तर आई वर्षानुवर्षं एका सरळ माणसाला विनाकारण छळत होती. दोन्हींतलं काहीच मला सोसवत नव्हतं. मग मी शाळेत बाई का हसल्या, वाण्याने आज रेवड्या जास्त का दिल्या, असल्या गोष्टींची चौकशी करू लागले. ती सवय आजवर सुटलेली नाही. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस.

पुढे बाबा दिल्लीतच कायमचे सामावले गेले आणि त्यांनी द्वारकेतल्या एका सोसायटीत नाव घातलं. तेव्हा या भागाला लोक अजून पप्पनकलां म्हणत. आम्ही जागा बघायला गेलो त्या दिवशी क्षितिजापर्यंत नुसती माती, बाभळी आणि पाट्या. सोसायटीचे एक चड्ढा म्हणून होते, ते उत्साहाने जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाभीजी, ये जो चूने की लाइन है ना, इसके अंदर सब अपना है." मातीवर खरंच चुन्याची पांढरी रेषा होती. आईने ती चपलेच्या टोकाने जराशी उकरली. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "लाइनचं आमच्याकडे ह्यांना विचारायचं असतं." चड्ढांना वाटलं भाभीजी खूश आहेत. बाबा मोटारीत जाऊन बसले. तेव्हा मला पहिल्यांदा बाबांची दया आली, आणि दया येते म्हणजे मी त्यांना दोषी धरलंय, हेही कळलं.

मिसेस माथुर मला खूप वर्षांनी भेटल्या, गुडगावच्या एका लग्नात. आता काठी हातात, पण साडीची निरी तशीच टोकदार. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुम्हारी मम्मी कमाल खेलती थीं. वो लास्ट वाली बॉल..." आणि थांबल्या. मी वाट बघितली. "छोड़ो बेटा, खाना खाया?" मी घरी येऊन हे कोणालाच सांगितलं नाही. त्यांना सांगायचं होतं की मला फक्त तळमळत ठेवायचं होतं, तेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि आता हा ऑक्टोबर. आईबाबा आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. या वर्षी गणपतीत दूर्वा पाकिटातून आल्या, मोबाइलवर मागवलेल्या. आईने एकेक पातं उजेडात धरून पाहिलं. माझी मुलगी ईरा म्हणाली, "आजी, घासच तर आहे यार." आई म्हणाली, "घास नाही, दूर्वा. आणि या दूर्वा आहेत का, तेच बघतेय." खाली सोसायटीने हिरव्या प्लास्टिकचं टेनिस कोर्ट केलंय. त्याच्यावर रेषा छापूनच येतात. तिथे उपटायला काही नाही आणि उडायलाही काही नाही.

गेल्या रविवारी ईरा तिच्या मैत्रिणीशी खेळत होती. आईबाबा उन्हाला बाकावर बसले होते, मधे संत्र्यांची पिशवी. मी शेजारी मटार सोलत होते. ईराने एक फटका मारला. लांब, सरळ, रेषेला धरून. चेंडू बाबांच्या पुढ्यातल्या कोपऱ्यात पडला आणि दोघी भांडायला लागल्या. आउट था. बिल्कुल नहीं, लाइन पे था! मग दोघी कुंपणाशी आल्या.

"आजोबा, तुम्ही बघितलं ना? आत का बाहेर?"

आईची संत्रं सोलणारी बोटं थांबली. माझीही.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मला दिसला नाही, बाळा. पॉइंट परत खेळा."

मुली कुरकुरत परत गेल्या. मग आई संत्र्याकडे बघतच म्हणाली, "असंही म्हणता येतं?"

"येतं की. नियमात आहे."

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

बाबा कोर्टकडे बघत होते. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळे म्हणायचे ना. दिसलं नाही म्हणायला जीभच उचलली नाही. धूळ उडाली, चुना दिसला नाही, आणि तोंडातून शब्द निघून गेला. मग तो परत कसा घेणार? परत घेतला तर बायकोसाठी घेतला म्हणतील, नाही घेतला तर साहेबांसाठी. खरं सांगतो, तो कुठे पडला ते मला कधीच ठाऊक नव्हतं."

मला वाटलं आता आई भडकेल. इतकी वर्षं, एवढ्याशा वाक्यासाठी! तिने संत्र्याची एक फोड काढली, तिच्या शिरा नीट सोलल्या आणि बाबांच्या हातावर ठेवली.

"म्हणजे आपला तो पॉइंट अजून व्हायचाच आहे," ती म्हणाली.

बाबांनी फोड तोंडात टाकली आणि मान हलवली. आई उठली, पदर खोचला आणि कुंपणाशी जाऊन ईराला म्हणाली, "ती रॅकेट दे बघू इकडे. किती हलकी आहे तुमची!" तिथे सातविणीचा सडा पडला होता, तो तुडवत ती आत गेली. वाकलेली नव्हती.

आता माझं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मागच्या हिवाळ्यात झालं. चौथ्या मजल्यावरून ते खालच्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवतात. आणि ईराचा तो चेंडू त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला होता, रेषेच्या आत, स्पष्ट. मटार सोलता सोलता मलासुद्धा दिसला. मी बाबांकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला. मी काही विचारलं नाही.